जेनिफर जोन्स: तीस वर्षं बर्फावर (महिला कर्लिंगवर गप्पा)

वैशाली_मुलुंड

हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी रात्री जागून कर्लिंग (बर्फावर दगड घसरवायचा खेळ) बघणारे इथे थोडे तरी असतील, त्या भरवशावर हा धागा काढतेय. विषय एकच, कॅनडाची जेनिफर जोन्स.

मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगची, जन्म १९७४ चा, पेशाने वकील. १९९४ ला तिने कॅनडाची ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. २०२४ ला, पन्नाशीला काही महिने उरले असताना, महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची फायनल खेळली आणि चौघींच्या खेळातून निवृत्त झाली. मधल्या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं (२००५, २००८, २००९, २०१०, २०१५, २०१८), दोन जागतिक विजेतेपदं (२००८, २०१८) आणि २०१४ ला सोचीत ऑलिंपिक सुवर्ण, तेही एकही सामना न हरता. महिलांच्या ऑलिंपिक कर्लिंगमध्ये तोवर कुठल्याच कर्णधाराला हे जमलं नव्हतं. त्या वेळी ती ३९ वर्षांची होती आणि घरी सव्वा वर्षाची मुलगी होती.

मी शाळेत पीटी शिकवते, संध्याकाळी मुलींचा खो-खो घेते. दहावीचा क्लास लागला की निम्म्या मुली गळतात. बारावीनंतर उरतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या. लग्नानंतर परत मैदानावर आलेली मला एकच आठवते. म्हणून जोन्सची पदकं मोजून झाल्यावरही मी तिच्या कारकिर्दीच्या लांबीपाशीच अडकून राहते. तिच्या हातात जादू आहे, ते मान्यच. पण माझं ठाम मत आहे की या लांबीचं श्रेय तिच्याइतकंच तिच्या गावातल्या कर्लिंग क्लबांना आहे. कॅनडात हा खेळ नोकरी-संसाराच्या वेळापत्रकात बसवलेला आहे. घराजवळ क्लब, आठवड्यातली एक ठरलेली रात्र, ऑफिस सुटल्यावरची लीग. तिथे कुणी मुलीला विचारत नाही की अजून किती वर्षं खेळणार.

तुम्हाला काय वाटतं?

हेमंत_गिरगाव

उत्तम विषय, वैशालीताई. ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो, नाहीतर पुढची चर्चा डोक्यावरून जाईल.

साधारण ४५ मीटर लांब आणि जास्तीत जास्त पाच मीटर रुंद अशी बर्फाची पट्टी. पलीकडच्या टोकाला वर्तुळात वर्तुळं काढलेलं ‘घर’, त्याच्या मधोमध ‘बटण’. ग्रॅनाइटचा वीस किलोच्या आतबाहेरचा दगड घसरत सोडायचा. एका संघात चौघी, प्रत्येकीचे दोन दगड, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून १६ दगड टाकले की एक एंड संपतो. असे दहा एंड. बटणाच्या सगळ्यात जवळ ज्या संघाचा दगड, गुण त्यालाच. समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा आत आपले जितके दगड, तितके गुण.

ज्या संघाकडे एंडचा शेवटचा दगड असतो त्याच्या हातात ‘हॅमर’. सगळं डावपेचाचं राजकारण याच्याभोवती फिरतं. एंड जिंकला की पुढच्या एंडचा हॅमर समोरच्याकडे जातो, म्हणून एक गुण मिळत असेल तर कित्येकदा तो मुद्दाम सोडतात, एंड कोरा ठेवतात आणि हॅमर आपल्याकडेच राखतात. कॅरममध्ये क्वीन घेतल्यावर कव्हर कुठल्या सोंगटीचं करायचं हे जो आधी ठरवून बसतो तोच बोर्ड मारतो ना, तसा हा खेळ दोन-तीन दगड पुढचा विचार करणाऱ्याचा आहे.

आणि झाडू. बर्फ गुळगुळीत नसतो, त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून दाणेदार पृष्ठभाग केलेला असतो. जोर लावून घासलं की घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. कर्णधार, म्हणजे ‘स्किप’, पलीकडे उभी राहून ओरडते ते त्यासाठीच.

अजय_दादर

खेळ मलाही आवडतो, पण ताईंच्या मुद्द्याशी मी असहमत. कर्लिंगमध्ये कारकीर्द लांबते कारण शरीराला मार कमी बसतो. खो-खोत सूर मारायचा असतो, कबड्डीत पाच जणी अंगावर येतात. गुडघा किंवा खांदा एकदा गेला की संपलं. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकची फायनल आठवा. स्वीडनची आनेट नॉरबर्ग आणि कॅनडाची शेरिल बर्नार्ड, दोन्ही स्किप ४३ वर्षांच्या. स्वीडनने जादा एंडमध्ये ७-६ ने जिंकली. दुसऱ्या कुठल्या खेळात असं होईल? त्यात समाजव्यवस्थेचं श्रेय कितपत काढायचं?

वैशाली_मुलुंड

अजय, शरीराचा मुद्दा खरा आहे, पण तो तेवढाच नाही. स्कॉटलंडची ईव्ह म्युअरहेड घ्या. १९ व्या वर्षी व्हँकुव्हरला ब्रिटनची स्किप होती. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकनंतर तिच्या कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली. दगड सोडताना एक पाय मागे ताणून संपूर्ण शरीर जमिनीलगत घसरवायचं, हे वर्षानुवर्षं केल्यावर सांधे कुरकुरायला लागतातच. जोन्सच्याही गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, मुलगी झाली त्याच वर्षी, २०१२ ला.

आणि नॉरबर्गचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगते, ती विमा कंपनीत मुख्य ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याच्या जोखमीचं गणित मांडणारी, होती. इतक्या मोठ्या हुद्द्याची नोकरी सांभाळून दोन ऑलिंपिक सुवर्णं, २००६ आणि २०१०. माझा मुद्दा हाच आहे.

सुनंदा_प्रभादेवी

मी कबड्डी खेळायचे, एका बँकेच्या संघातून. डावा कोपरा. सकाळी प्रॅक्टिस, मग बँक, संध्याकाळी पुन्हा मॅटवर. बँकेने महिला संघ बंद केला तेव्हा मी २८ ची होते. कुणी वाईट बोललं नाही, निरोपाला नारळ-शाल दिली. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त काउंटरवर. त्यामुळे अजय, शरीर संपल्यामुळे थांबलेल्या मैत्रिणी मला मोजक्याच आठवतात. संघ संपल्यामुळे थांबलेल्या खूप आहेत.

वैशाली, मला जोन्सबद्दल अजून वाचायला आवडेल. तिचा कुठला सामना आधी बघू?

हेमंत_गिरगाव

सुनंदाताई, २००५ ची राष्ट्रीय फायनल. सेंट जॉन्सला झालेली, जोन्सचा मॅनिटोबा विरुद्ध जेन हॅनाचा ओंटारिओ. जोन्स ६-४ ने मागे, दहावा म्हणजे शेवटचा एंड, हातात शेवटचा दगड. बटणावर ओंटारिओचा दगड, आणि त्याच्यापर्यंत सरळ जायला वाट नाही. घराबाहेर बाजूला ओंटारिओचाच एक दगड पडलेला होता. तिने त्या बाहेरच्या दगडाला मारलं, तिचा दगड तिथून कोन घेऊन आत शिरला आणि बटणावरचा दगड उडवला. मॅनिटोबाचे चार गुण, ८-६.

हा व्हिडिओ बघताना शॉटच्या आधीचा वेळ पुढे ढकलू नका. निर्णय घेताना चौघी कशा बोलतात ते बघा. कुणी घाबरलेली नाही, कुणी घाई करत नाही. पर्याय मोजतात, एक पक्का करतात आणि मग त्यावर पुन्हा चर्चा नाही.

रुजुता_ठाणे

माझी बहीण कॅलगरीला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने मला नवशिक्यांच्या सत्राला नेलं होतं, त्यामुळे दोन शब्द.

डाव्या बुटाखाली टेफ्लॉनचा गुळगुळीत स्लायडर लावतात, उजवा पाय ‘हॅक’ नावाच्या रबरी आधारात. वाटतं की हाताने दगड ढकलायचा. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या मिनिटाला तेच मोडून काढलं. दगड आधी किंचित मागे घ्यायचा, मग मागच्या पायाने रेटा द्यायचा, आणि दगड व तुम्ही दोघंही एकाच वेगाने पुढे जायचं. हात फक्त दांडी धरून. सोडताना मनगटाने दांडी घड्याळाच्या दहावरून बारावर आणायची, बस. तेवढ्या वळणाने तो दगड पलीकडे पोचेपर्यंत दोन-तीन गिरक्या घेतो आणि शेवटच्या टप्प्यात हळूहळू वळायला लागतो. त्या वळण्यावरच सगळा खेळ. माझा दगड पलीकडची रेषसुद्धा गाठत नव्हता. नंतर झाडू मारायला घेतला तेव्हा एका फेरीत धाप लागली, खांदे भरून आले.

शेजारच्या पट्टीवर साठीच्या पुढच्या बायकांची लीग चालू होती. संपल्यावर जिंकलेल्या संघाने हरलेल्यांना कॉफी पाजली. तिथे ती रीतच आहे, सामन्यानंतर दोन्ही संघ एका टेबलावर. वैशालीताई म्हणतात तो क्लब म्हणजे काय ते मला तिथे दिसलं.

अजय_दादर

सुनंदाताई, तुमचा अनुभव वाचून थांबलो. संघ संपणं हा मुद्दा मी धरलाच नव्हता.

पण मग जोन्सच्या कारकिर्दीतली एक अवघड गोष्टही इथे यायला हवी. कॅथी ओव्हरटन-क्लॅपम तिच्या संघात तिसरी, म्हणजे व्हाइस-स्किप होती. २००५, २००८, २००९, २०१० ही चारही राष्ट्रीय विजेतेपदं आणि २००८ चं जागतिक, सगळ्यांत ती सोबत. २०१० चा हंगाम संपला आणि तिला काढलं. जागी आली २१ वर्षांची केटलिन लॉज. ओव्हरटन-क्लॅपम तेव्हा चाळिशीतली होती. म्हणजे तिथेही वय आड आलंच की. ज्या व्यवस्थेचं आपण कौतुक करतोय त्याच व्यवस्थेत हे घडलं.

वैशाली_मुलुंड

हो, घडलं, आणि तेव्हा कॅनडात त्यावर चिक्कार टीका झाली. मला तो निर्णय आजही टोचतो. चार वर्षांनी सोचीत लॉजसकट सुवर्ण मिळालं म्हणून तो बरोबर ठरला, हे मी मान्य करणार नाही. जिंकल्यावर सगळेच निर्णय शहाणपणाचे दिसतात.

पण पुढचं बघा. ओव्हरटन-क्लॅपमने दुसरा संघ बांधला आणि २०११ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅनिटोबाची स्किप म्हणून जोन्ससमोरच उभी राहिली. काढल्यावर तिला घरी बसावं लागलं नाही. कॅनडातल्या कर्लिंगमध्ये संघ निवड समिती बनवत नाही, खेळाडू स्वतः बनवतात. चौघी एकत्र आल्या, क्लबवरून जिल्हा, प्रांत करत पुढे गेल्या की झालं. त्यात क्रूरपणा आहे, कारण मैत्रीण मैत्रिणीला काढते. पण वाटही कायम मोकळी राहते. सुनंदाताईंना २८ व्या वर्षी अजून तीन जणी घेऊन नवा संघ काढता आला असता तर?

सुनंदा_प्रभादेवी

आम्ही तीन कोपरारक्षक आणि दोन चढाईपटू एकाच शाखेत होतो. संघ उभा राहिला असता. खेळवणारं कुणी नव्हतं.

निखिल_बोरिवली

बाळंतपणाचा विषय निघाला आहे तर रेचल होमनचं नाव हवंच. २०२१ ची राष्ट्रीय स्पर्धा कोविडमुळे कॅलगरीत प्रेक्षकांविना झाली. होमन आठव्या महिन्यात होती आणि स्किप म्हणून फायनलपर्यंत खेळली. केरी एनरसनकडून हरली. मुलगी झाल्यावर थोड्याच आठवड्यांत ती परत बर्फावर होती. पुढे २०२४ आणि २०२५ ची जागतिक विजेतेपदं. २०२४ च्या ज्या राष्ट्रीय फायनलमध्ये जोन्सने निरोप घेतला, तिथे समोर होमनच होती, आणि ५-४ अशी निसटती जिंकली.

अश्विनी_के

वाचतेय, छान धागा. एक शंका. २०२२ ला बीजिंगला जोन्स होती ना? मग बाद कशी झाली? मला आठवतंय तिने ब्रिटनला हरवलं होतं आणि शेवटी सुवर्ण ब्रिटननेच नेलं.

हेमंत_गिरगाव

अश्विनी, तुम्हाला बरोबर आठवतंय, आणि हा किस्सा तपशिलात सांगण्यासारखा आहे.

साखळीत ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघांचे ५ विजय, ४ पराभव. पुढे जायला जागा दोन. आपसातले निकाल पाहिले तर कॅनडाने ब्रिटनला, ब्रिटनने जपानला आणि जपानने कॅनडाला हरवलेलं. गोल फिरून तिथेच. मग निकष लागला तो सामन्याआधीच्या दगडांचा. प्रत्येक सामन्याच्या आधी दोन्ही संघ दोन-दोन दगड थेट बटणाकडे टाकतात, एक घड्याळाच्या दिशेने फिरणारा, एक उलट. बटणापासूनचं अंतर मोजतात, त्यावर पहिल्या एंडचा हॅमर कुणाला हे ठरतं. त्याच अंतरांची साखळीभरची सरासरी काढली. ती ब्रिटनची आणि जपानची कॅनडापेक्षा चांगली निघाली. ४७ वर्षांची जोन्स तिथे थांबली. उपांत्य फेरीत ब्रिटनने स्वीडनला जादा एंडमध्ये १२-११ ने, जपानने स्वित्झर्लंडला हरवलं, आणि फायनल त्याच दोघांची झाली. ब्रिटन १०-३.

त्या सामन्याआधीच्या दगडांच्या वेळी प्रेक्षक जागेवर येऊनही बसलेले नसतात. ऑलिंपिक त्यावर गेलं.

निखिल_बोरिवली

आणि ती ब्रिटनची स्किप म्हणजे वर उल्लेख आलेली म्युअरहेडच. २०१८ ला कांस्यपदकाच्या सामन्यात जपानविरुद्ध शेवटचा दगड तिच्याच हातून चुकला होता. चार वर्षांनी त्याच जपानविरुद्ध सुवर्ण.

मंगेश_परळ

हे सगळं थंड देशांचं झालं. आपल्याकडे काय? मुंबईत बर्फ म्हटलं तर पूर्वी गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये स्केटिंगचा होता, कुर्ल्याच्या मॉलमध्ये स्नो वर्ल्ड आहे. कर्लिंगला लागतो तो बर्फ सपाटीला काटेकोर, वर थेंबांचा थर दर सामन्याला नव्याने दिलेला. कौतुक जरूर करा, पण आपल्या मुलींना त्याचा उपयोग काय?

वैशाली_मुलुंड

मंगेशदादा, मुंबईत कर्लिंगची पट्टी बांधा असं मी म्हणतच नाहीये. पण उपयोग नक्की आहे, आणि उदाहरण आपल्याच देशाचं आहे.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चौघींनी लॉन बोल्समध्ये (हिरवळीवर गोळा घरंगळवत लक्ष्याजवळ नेण्याचा खेळ) सुवर्ण मिळवलं. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपा राणी तिर्की. फायनलला दक्षिण आफ्रिकेला १७-१० ने हरवलं. संघाची रचना अगदी कर्लिंगची: लीड, सेकंड, थर्ड, स्किप. लव्हली चौबे झारखंड पोलिसात, पिंकी दिल्लीत शाळेत क्रीडा शिक्षिका. त्या दिवसापर्यंत या देशात किती जणांना हा खेळ ठाऊक होता? नोकरी करत, तिशी-चाळिशीत, स्वतःच्या हिमतीवर त्या टिकल्या. जोन्सच्या गावात टिकायला व्यवस्था होती, यांनी ती नसताना टिकून दाखवलं. मला दोन्ही गोष्टी माझ्या मुलींना सांगायच्या असतात.

रुजुता_ठाणे

आशियातली उदाहरणंही बघा, मंगेशदादा. चीनमधल्या हार्बिनच्या वांग बिंगयूच्या संघाने २००९ ला जागतिक विजेतेपद मिळवलं, आशियातला पहिलाच संघ. त्याआधीच्या वर्षी त्या फायनलला जोन्सकडूनच हरल्या होत्या. जपानची सात्सुकी फुजिसावा आणि तिचा संघ होक्काइदोतल्या कितामीचा: २०१८ ला कांस्य, २०२२ ला रौप्य. दक्षिण कोरियाच्या किम उन-जंगचा संघ उइसाँगचा, लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या भागातला. तिथे कर्लिंगचं केंद्र बांधलं गेलं आणि शाळकरी मुली खेळायला लागल्या, २०१८ ला त्याच ऑलिंपिक रौप्य घेऊन आल्या. त्याच वर्षाअखेरीस त्यांनी स्वतःच्याच प्रशिक्षकांविरुद्ध छळाची आणि बक्षिसाचे पैसे न दिल्याची जाहीर तक्रार केली, सरकारी चौकशीत ती खरी ठरली. एवढं होऊनही संघ फुटला नाही. २०२२ ला जागतिक रौप्य. माझ्या मते त्या संघाचं खरं धाडस त्या तक्रारीत आहे.

सुनंदा_प्रभादेवी

२००५ ची फायनल पाहिली. शेवटचा दगड लेकीला बोलावून दाखवला.

मला एक विचारायचं आहे. सगळे स्किपबद्दल बोलतात. पण कोपऱ्यावर खेळलेली असल्यामुळे माझं लक्ष बाकीच्यांकडे जातं. झाडू मारणाऱ्या त्या दोघी कोण? त्यांच्या कारकिर्दीचं काय?

वैशाली_मुलुंड

सुनंदाताई, हे विचारलंत बरं झालं. जिल ऑफिसर. तिच्यावर वेगळा धागा काढावा इतकी मोठी खेळाडू. १९९४ च्या ज्युनियर विजेतेपदातही जोन्ससोबत होती. दगड टाकायची दुसऱ्या क्रमांकावर, बाकी वेळ झाडू. दुसऱ्या क्रमांकाचं काम म्हणजे समोरच्यांचे आडवे आलेले दगड उडवायचे, जोरात आणि नेमके, आणि मग उठून पुढच्या दोघींच्या दगडांसाठी घासायला पळायचं. दगड किती वेगाने जातोय, घरात कुठे थांबेल, हे पलीकडे उभ्या स्किपला नीट कळत नाही. ते दगडासोबत धावणारीच ओरडून सांगते. पुढच्या काळात जोन्सच्या नाजूक शॉटांमागे ऑफिसर आणि डॉन मॅकयुअन यांचा अंदाज आहे; २००५ ला मात्र मॅकयुअन या संघात नव्हती. सोचीच्या सुवर्णात दोघी होत्या.

२०१८ ची जागतिक स्पर्धा कॅनडातल्या नॉर्थ बे इथे झाली. संघ एकही सामना हरला नाही, फायनलला स्वीडनच्या ॲना हॅसलबोर्गला जादा एंडमध्ये ७-६ ने हरवलं, आणि ऑफिसर त्या हंगामानंतर नियमित खेळातून बाजूला झाली. हा सामना आख्खा बघा. जादा एंडमध्ये जोन्सच्या दगडांबरोबर धावणाऱ्यांचे आवाज नीट ऐका.

सुनंदा_प्रभादेवी

रविवारी बघते. सोबत बँकेतल्या जुन्या दोघींना बोलावलंय.

वैशाली_मुलुंड

मस्त! मला यायला आवडेल, पत्ता खासगी संदेशात द्या.

पुढचा धागा म्युअरहेडवर लिहायला घेतलाय. २०२१ ला तिचा संघ ऑलिंपिकला थेट पात्र ठरला नव्हता, डिसेंबरात नेदरलँड्समध्ये लेऊवार्डनला शेवटच्या पात्रता स्पर्धेतून त्यांनी जागा मिळवली आणि दोन महिन्यांनी सुवर्ण. त्या पात्रता स्पर्धेचे पूर्ण सामने कुणाला मिळाले तर दुवा इथेच टाका, मला तुकडे-तुकडेच सापडतायत.